डॉकर कंपोज, स्वॉर्म, नोमॅड की कुबरनेटिस? तुमच्या टीमला कोणतं टूल पेलेल?

कॉलेजमधून नुकतंच बाहेर पडलेलं कोणी भेटलं की एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही चार जणांनी ॲप बनवलंय. आता कुबरनेटिस लावायचं ना?" यूट्यूबवर सगळे तेच शिकवतात, नोकरीच्या जाहिरातीत तेच लिहिलेलं असतं. म्हणजे तेच योग्य असणार, असं वाटणं साहजिक आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो. कंटेनर सांभाळणारं टूल निवडताना दोन गोष्टी बघायच्या: तुमच्यावर भार कसा येतो, आणि काही बिघडलं तर ते दुरुस्त करणारी माणसं किती आहेत. टूलची प्रसिद्धी यात कुठेच बसत नाही. सर्व्हर महिन्याच्या भाड्याने मिळतात, पण टीममधल्या माणसाचे तास भाड्याने मिळत नाहीत. चला, मुळापासून बघू.

कंटेनर म्हणजे नेमकं काय?

न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्याला ट्रेलरवरचे लोखंडी डबे तुम्ही पाहिले असतील. आत कापड असो की औषधं, बाहेरून माप ठरलेलं. त्यामुळे क्रेन, ट्रेलर, जहाज सगळ्यांना तो डबा उचलता येतो.

सॉफ्टवेअरमध्येही हेच केलं. तुमचा प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणि सेटिंग एका ठरलेल्या डब्यात भरायचं. डबा लॅपटॉपवर चालला की सर्व्हरवरही तसाच चालतो. "माझ्या मशीनवर तर चालत होतं" हे वाक्य त्यामुळे बरंच कमी झालं. लिनक्समध्ये याची सोय आधीपासून होती, पण ती सामान्य डेव्हलपरच्या हातात आली २०१३ साली, डॉकरमुळे. २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह सुरू झालं आणि डब्याचं माप सगळ्यांसाठी एकच ठरलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

इथे एक गोंधळ दूर करू. डॉकर आणि कुबरनेटिस हे एकमेकांचे स्पर्धक नाहीत. डॉकर डबा बनवतं आणि चालवतं. कुबरनेटिस पुष्कळ मशीनवरचे पुष्कळ डबे सांभाळतं, म्हणजे ते झालं बंदराचं व्यवस्थापन. एकच टेम्पो असलेला माणूस बंदर बांधायला घेत नाही.

सांभाळायचं म्हणजे काय काय करायचं?

कोणतंही टूल घ्या, कामं साधारण हीच असतात:

• डबा बंद पडला तर पुन्हा सुरू करणं.
• अख्खं मशीन गेलं तर डबे दुसऱ्या मशीनवर हलवणं.
• ॲप बंद न ठेवता नवीन व्हर्जन चढवणं, आणि ते बिघडलं तर जुनं परत आणणं.
• गर्दी वाढली की एकाच डब्याच्या जास्त प्रती चालवणं.
• डब्यांना एकमेकांचा पत्ता सापडेल असं करणं.
• पासवर्ड आणि चाव्या सुरक्षित ठेवणं.

ही सगळी कामं प्रत्येक टीमला लागतात का? एक उदाहरण घेऊन बघू.

एकाच तालुक्यातली दोन टोकं

आमचा मुळशी तालुका या विषयासाठी अगदी योग्य आहे. एका टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क, जिथे मोठ्या कंपन्यांमध्ये फक्त सर्व्हर सांभाळायला वेगळी टीम असते. दुसरीकडे पौडच्या पुढे कोळवण खोरं. भातशेती, गोठे, आणि पावसाळ्यात लाईट व रेंज दोन्हींचा भरवसा नाही.

समजा चार जणांची एक टीम कोळवणसारख्या गावांतल्या दूध संकलन केंद्रांसाठी ॲप बनवते आहे. सकाळी आणि संध्याकाळी शेतकरी कॅन घेऊन येतो. दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ बघायचं, पावती द्यायची, आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचं. नोंद चुकली तर शेतकऱ्याचे पैसे चुकतात. ॲप अडलं तर रांग थांबते, पण दूध नेणारी गाडी थांबत नाही. म्हणजे ॲप छोटं असलं तरी प्रकरण गंभीर आहे.

आता भार मोजू. ४० केंद्रं, प्रत्येक केंद्रावर २०० शेतकरी धरले तर एका वेळच्या ८,००० नोंदी. त्या दोन तासांत, म्हणजे ७,२०० सेकंदांत येतात. सरासरी निघते सेकंदाला एकाहून किंचित जास्त नोंद. सगळी केंद्रं एकदम सुरू झाली म्हणून दहापट धरा, तरी सेकंदाला अकरा-बारा. दोन कोर आणि चार जीबी मेमरीचं साधं मशीन हे आरामात पेलतं.

डबे किती? मुख्य ॲप, डेटाबेस, मेसेज पाठवणारा एक आणि बिलं काढणारा एक. एकूण चार.

हे चार डबे डोळ्यासमोर ठेवून एकेक टूल तपासू.

१. डॉकर कंपोज: एका मशीनचा कारभारी

एका साध्या फाइलमध्ये लिहायचं की हे चार डबे, हे त्यांचे पोर्ट, डेटा इथे ठेवा. एक कमांड दिली की सगळं सुरू. डबा पडला तर आपोआप पुन्हा सुरू करायची सूचनाही त्याच फाइलमध्ये देता येते. नवीन मुलाला ती फाइल अर्ध्या दिवसात समजते.

उणीव स्पष्ट आहे. ते मशीन गेलं की सगळं गेलं. नवीन व्हर्जन चढवताना काही सेकंदांचा खंड पडतो. पण दूध केंद्र दुपारी बंदच असतं, तेव्हा दुपारी दोनला अपडेट करा. ज्यांना असा मोकळा वेळ मिळतो, त्यांनी खंड न पडणाऱ्या अपडेटसाठी महिनाभर खपण्यात अर्थ नाही.

याच गटात कमाल नावाचं टूलही बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स कंपनीने क्लाउड आणि कुबरनेटिसमधून बाहेर पडताना २०२३ मध्ये ते बनवलं. साध्या सर्व्हरवर डॉकरचे डबे खंड न पाडता बदलणं, एवढंच त्याचं काम. नाव आपलं वाटलं तरी ते आलंय अरब खलाशांच्या ताऱ्यांवरून दिशा काढायच्या उपकरणावरून.

२. डॉकर स्वॉर्म: दोन-चार मशीनसाठी

२०१६ पासून हे डॉकरमध्येच येतं. कंपोजसारखीच फाइल, पण डबे अनेक मशीनवर पसरतात. एक मशीन गेलं तर डबा दुसरीकडे उभा राहतो. मात्र निर्णय बहुमताने होतात, म्हणून मॅनेजर मशीन किमान तीन लागतात. दोन ठेवून उपयोग नाही, कारण एक गेलं की बहुमतच उरत नाही.

अडचण माणसांची आहे. २०१९ मध्ये डॉकरचा एंटरप्राइज व्यवसाय मिरांटिस कंपनीने घेतला. स्वॉर्म आजही चालतं, पण नवीन लोक त्याकडे फारसे वळत नाहीत. रात्री अडलात तर ताजं उत्तर मिळणं कुबरनेटिसपेक्षा अवघड जातं.

३. नोमॅड: कंटेनर आणि बिनकंटेनर एकत्र

हॅशिकॉर्पचं हे टूल २०१५ मध्ये आलं. एकच फाइल उतरवायची आणि चालवायची. कंटेनरमध्ये न भरलेला जुना जावा प्रोग्रॅमही ते सांभाळतं. ज्या टीमकडे जुनं-नवं असं मिश्र सॉफ्टवेअर आहे, तिच्यासाठी हे सोयीचं.

निवडण्याआधी लायसन्स वाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने ओपन सोर्स लायसन्स सोडून बिझनेस सोर्स लायसन्स आणलं, आणि पुढे कंपनी आयबीएमकडे गेली. स्वतःच्या टीमसाठी वापरणाऱ्याला सहसा अडचण येत नाही. पण हेच टूल सेवा म्हणून विकायचा विचार असेल तर वकिलाला विचारलेलं बरं.

लायसन्सवरून आठवलं, डॉकर डेस्कटॉपही सगळ्यांना फुकट नाही. २०२१ मध्ये नियम बदलला. २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला पैसे भरावे लागतात. लिनक्सवरचं डॉकर इंजिन मात्र मोकळंच आहे, आणि रेड हॅटचं पॉडमन हाही चांगला पर्याय आहे.

४. कुबरनेटिस: सुकाणू धरणारा

नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. गुगलने आपल्या बोर्ग या अंतर्गत सिस्टीमच्या अनुभवावरून ते बनवलं, २०१४ मध्ये जाहीर केलं, आणि जुलै २०१५ मध्ये पहिलं पक्कं व्हर्जन आलं.

त्याची मूळ कल्पना सुंदर आहे. "हे कर, मग ते कर" असं तुम्ही सांगत नाही. तुम्ही फक्त लिहून देता: या ॲपच्या तीन प्रती कायम चालू हव्यात. कुबरनेटिस सतत मोजत राहतं. दोनच दिसल्या तर एक वाढवतं, चार झाल्या तर एक काढतं. मशीन पडो, डबा पडो, हिशेब जुळेपर्यंत ते थांबत नाही.

पण हा हिशेब ठेवणारा कारभारच मोठा आहे. मागण्या घेणारा एपीआय सर्व्हर, नोंदी ठेवणारा ईटीसीडी नावाचा डेटाबेस, कोणता डबा कुठे ठेवायचा ते ठरवणारा शेड्यूलर, शिवाय प्रत्येक मशीनवर एक प्रतिनिधी. वर नेटवर्क, स्टोरेज, सर्टिफिकेट, परवानग्या वेगळ्या. वर्षाला साधारण तीन नवीन व्हर्जन येतात आणि प्रत्येकाला सुमारे चौदा महिने आधार मिळतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करावंच लागतं. ते काम कोणाच्या तरी नावावर लिहिलेलं हवं.

"मग क्लाउडकडून तयार घेऊ" असं म्हणाल. घेता येतं. ॲमेझॉनच्या ईकेएसमध्ये फक्त कारभार सांभाळायचे तासाला दहा सेंट लागतात, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ डॉलर, सहा हजार रुपयांच्या वर. तुमचे डबे चालवणाऱ्या मशीनचं भाडं वेगळं. दूध ॲपच्या टीमला कारभाराचा खर्चच ॲपच्या मशीनपेक्षा जास्त पडू शकतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ते इथे.

मधला मार्ग म्हणजे केथ्रीएस. रँचर कंपनीने २०१९ मध्ये आणलेलं हे कुबरनेटिसचं हलकं रूप. १०० एमबीपेक्षा छोटी फाइल, आणि ईटीसीडीऐवजी साधं एसक्यूलाइटही चालतं. उतरवणं सोपं होतं, पण पुढे सांभाळताना कुबरनेटिसचं ज्ञान लागतंच.

५. कारभारच नको असेल तर

ॲमेझॉनचं ईसीएस फार्गेटसोबत, किंवा गुगलचं क्लाउड रन. डबा द्यायचा, मशीन त्यांनी बघायचं. छोट्या टीमसाठी हा खरंच चांगला पर्याय आहे. दोन गोष्टी तपासा: सर्व्हर मुंबई विभागात ठेवता येतोय ना, आणि खर्चाची सूचना देणारा अलार्म लावलाय ना. भार वाढला की बिलही गुपचूप वाढतं.

मग एवढं मोठं टूल लागतं कोणाला?

उत्तर तुमच्या फोनमध्येच आहे. मुंबईची हॉटस्टार. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक बघत होते. २०२३ च्या अंतिम सामन्याला हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला.

हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी २०१९ च्या कामाबद्दल जाहीरपणे सांगितलंय. त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट अशी. धोनी खेळायला आला की प्रेक्षक वाढतात, हे कोणीही सांगेल. पण धोनी आउट झाला की काय होतं? लाखो लोक एकदम बॅक बटण दाबतात आणि सगळे ॲपच्या होमपेजवर येऊन पडतात. व्हिडिओवरचा भार उतरतो, होमपेजवरचा त्याच क्षणी चढतो. म्हणून होमपेजच्या सेवाही तेवढ्याच तयार ठेवाव्या लागतात.

गर्दी आल्यावर मशीन वाढवायला गेलात तर उशीर होतो, कारण नवीन मशीन तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे त्यांनी अंदाजाने, पायरी-पायरीने आधीच मशीन वाढवून ठेवली. फारच ताण आला तर शिफारशींसारख्या कमी गरजेच्या सोयी बंद करून सामना चालू ठेवायची तयारीही होती. तेव्हा त्यांचा मोठा भार ॲमेझॉनच्या साध्या व्हर्च्युअल मशीनवर होता. कुबरनेटिसवर ते पुढच्या काळात सरकले, कारण सेवा आणि टीम दोन्ही वाढत गेल्या.

म्हणजे आधी त्यांनी आपला भार ओळखला, मग तयारी केली, आणि गरज वाढली तसं टूल बदललं. हा क्रम चार जणांच्या टीमलाही जसाच्या तसा लागू पडतो.

टूल जे करणार नाही

आता परत कोळवणकडे. दूध ॲप तिथे कशामुळे अडेल? सर्व्हर मुंबईत अगदी ठणठणीत असेल, पण केंद्रावर रेंज नसेल. जगातलं कोणतंही कंटेनर टूल यावर काही करू शकत नाही.

त्यासाठी ॲपने नोंद आधी फोनमध्येच ठेवायला हवी आणि रेंज आली की वर पाठवायला हवी. प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हर ती एकदाच धरेल. नाहीतर दहा लिटरचे वीस लिटर व्हायचे. या कामाला महिना लागू शकतो. टीमने तोच महिना कुबरनेटिस बसवण्यात घालवला तर शेतकऱ्याला त्याचा काय फायदा? टूलची निवड खरी महत्त्वाची आहे ती याचसाठी. चुकीचं टूल तुमचा सर्व्हर पाडणार नाही कदाचित, पण योग्य कामाचा वेळ खाऊन टाकेल.

निवडताना विचारायचे पाच प्रश्न

१. ॲप किती वेळ बंद राहिलेलं चालेल? अर्धा तास चालत असेल तर एक मशीन आणि चांगला बॅकअप पुरतो. एक मिनिटही चालत नसेल तर अनेक मशीन लागतील.

२. भार कसा येतो? ठरलेल्या वेळी थोडा, की अचानक शंभरपट?

३. सेवा किती आणि टीम किती? एक टीम चार डबे सांभाळत असेल तर कंपोज. दहा टीम शंभर सेवा रोज बदलत असतील तर कुबरनेटिसचे नियम सगळ्यांना एका ओळीत ठेवतात.

४. पहाटे पाचला फोन कोण उचलणार? किमान दोन नावं हवीत. एकच नाव असेल तर त्या माणसाच्या लग्नात ॲप बंद पडेल.

५. डेटा कुठे आहे? डबा गेला तर दुसरा येतो, डेटा गेला तर येत नाही. शक्य असेल तर डेटाबेस क्लाउडच्या तयार सेवेत ठेवा. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

मुद्दाम मोडून बघा

दोन टूलमध्ये अडकला असाल तर चर्चा थांबवा आणि दोन्हींची दोन-दोन दिवस परीक्षा घ्या. चालू डबा मारून टाका. मशीन बंद करा. बिघडलेलं व्हर्जन चढवा आणि जुनं परत आणा. बॅकअपवरून डेटाबेस नव्याने उभा करा. हे सगळं टीममधल्या सर्वात नवीन मुलाने किंवा मुलीने, फक्त लिहिलेल्या सूचना वाचून करायचं. घड्याळ लावा, प्रत्येक कामाचे मिनिट लिहा. जे टूल त्या नवख्या हातात लवकर सावरतं, ते तुमचं टूल.

आणि करिअरचं काय?

हा प्रश्न खरा आहे. पुण्यात मुलाखतीला गेलात तर कुबरनेटिस विचारणारच. ते शिका, जरूर शिका. लॅपटॉपवर मिनीक्यूब किंवा केथ्रीएस टाका आणि तोडफोड करा. मात्र शिकण्यासाठी शेतकऱ्याच्या बिलाचा सर्व्हर वापरू नका. शिवाय "भार मोजून आम्ही कंपोज का निवडलं" हे आकड्यांसकट सांगणारा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो.

मोठं टूल आज घेतलं नाही म्हणून दार बंद होत नाही. सुरुवातीला सांगितलेला डब्याच्या मापाचा मुद्दा आठवा. डबा सगळीकडे तोच चालतो. सेटिंग डब्याच्या बाहेर ठेवा, कायमचा डेटा डब्यात ठेवू नका, लॉग बाहेर पाठवा. एवढी शिस्त पाळली तर कंपोजवरून कुबरनेटिसवर जाताना ॲपला फारसा हात लावावा लागणार नाही. टूलसाठीच्या फाइल मात्र नव्याने लिहाव्या लागतील.

तर आज एवढंच करा. एका कागदावर लिहा: आपले डबे किती, सर्वात गर्दीच्या मिनिटाला मागण्या किती, आणि पहाटे फोन उचलणारे दोघं कोण. दुसरं नाव सुचत नसेल तर आधी तो माणूस तयार करा, टूल नंतर निवडता येईल.